गोठवलेले फळ हा खाऊ आहे, थंडावा नव्हे

गोरेगावच्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन कुत्री आहेत, एक साडेतीन वर्षांचा ३४ किलोचा लॅब्रॅडॉर आणि एक सात वर्षांची ९ किलोची पग. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. एप्रिल लागल्यापासून दोघेही दुपारभर फरशीवर पसरून धापा टाकतात आणि लॅब्रॅडॉर तर गेले काही दिवस जेवण अर्धवट सोडतो. मुलांनी फ्रीझरमध्ये आंब्याच्या फोडी, कलिंगड आणि द्राक्षे गोठवून ठेवली आहेत आणि कुत्री ती मिटक्या मारीत खातात. शेजारच्या आजींचे म्हणणे असे की बर्फाने कुत्र्याचे पोट फुगते आणि ते दगावते. मुलांचे म्हणणे असे की फळातून जीवनसत्त्वे मिळतात आणि बर्फाने अंग गार पडते. तर फळे द्यावीत का, कोणती, किती आणि कशी, असे आपण विचारले आहे.

बाकीचे उत्तर सावकाश वाचले तरी चालेल, परंतु द्राक्षांचा डबा आधी फ्रीझरमधून काढून माणसांच्या पोटात जाऊ द्यावा. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. एका कुत्र्याने वाटीभर द्राक्षे खाल्ली आणि त्याला काहीच झाले नाही, तर दुसऱ्याने मोजकी खाल्ली आणि तो सलाईनवर गेला, असे घडते. त्यामुळे अमुक इतकी द्राक्षे सुरक्षित असा आकडा कोणताही पशुवैद्य देऊ शकत नाही. दोष नेमका कशाचा, हे अनेक वर्षे कोडे होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधेविषयी सल्ला देणाऱ्या केंद्रातील पशुवैद्यांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले आणि आज तेच सर्वांत पटणारे स्पष्टीकरण मानले जाते. या आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार बदलते, म्हणूनच परिणामही इतका बेभरवशाचा असतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, ती म्हणजे चिंचेतही हेच आम्ल भरपूर असते. चिंचेचे सार, चिंचेची गोड चटणी, चिंचेच्या गोळ्या यांपैकी काहीही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये.

गोठवल्याने यातले काहीही कमी होत नाही. उलट गोठलेले द्राक्ष म्हणजे लहान कुत्र्याच्या घशात नेमकी अडकेल अशा मापाची टणक गुळगुळीत गोटीच असते. माझ्याकडे आलेल्या एका पॉमेरेनियनने पाहुण्यांच्या ताटलीतून खाली पडलेली गोठवलेली द्राक्षे दुपारी खाल्ली होती. रात्री दोन उलट्या झाल्या, सकाळी तो ताजातवाना दिसला, पहिल्या दिवशीचे क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) ठीक आले आणि घरच्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. तिसऱ्या दिवशी तेच क्रिएटिनिन चढलेले होते. द्राक्षांची विषबाधा अशीच फसवते. आपल्या कुत्र्यांनी द्राक्षे गेल्या दोन-तीन दिवसांत खाल्ली असतील तर दोघांचीही मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी आणि ४८ ते ७२ तासांच्या टप्प्यावर ती पुन्हा करावी. नुकतीच, म्हणजे दोन तासांच्या आत खाल्ली असतील, तर दवाखान्यात औषध देऊन उलटी करवता येते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय मात्र कधीही करू नये. त्या मिठाने रक्तातील सोडियम इतके वाढू शकते की मूळ विषबाधेपेक्षा उपाय महागात पडतो.

आता मुलांच्या म्हणण्याकडे वळते, कारण बहुतेक घरांतील गैरसमज तिथेच आहे. गोठवलेल्या फळाने कुत्र्याचे अंग किती गार होते, याचा हिशेब मांडता येतो आणि तो मांडलेला बरा. ३४ किलोचा लॅब्रॅडॉर नुसता पडून असला तरी त्याच्या शरीरात दिवसाला सुमारे ९८५ किलोकॅलरी, म्हणजे तासाला साधारण ४१ किलोकॅलरी उष्णता तयार होते. फ्रीझरमधून उणे १८ अंशांवर काढलेले १०० ग्रॅम कलिंगड पोटात जाऊन वितळून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे १२ किलोकॅलरी उष्णता शोषते. म्हणजे मोठी वाटीभर गोठवलेले कलिंगड खाऊन त्याने स्वस्थ पडून केलेली सतरा-अठरा मिनिटांची उष्णता फिटली. तेच १०० ग्रॅम कलिंगड पचल्यावर मात्र सुमारे ३० किलोकॅलरी ऊर्जा देते, आणि ती ऊर्जा चरबी होऊन साठली नाही तर शेवटी उष्णताच होऊन बाहेर पडते. आंबा घेतला तर तो आकडा ६० च्या आसपास जातो. गारव्याच्या जमाखर्चात हा व्यवहार तोट्याचाच आहे.

कुत्र्याचे अंग खऱ्या अर्थाने गार होते ते पाण्याच्या बाष्पीभवनाने. माणसासारखा घाम त्याला येत नाही. घामाच्या उपयोगी ग्रंथी जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरत्याच असतात. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून तो जी धाप टाकतो, तिच्यात जीभ, तोंड आणि नाक यांच्या ओल्या अस्तरावरून पाणी उडून जाते आणि उडणारे प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जाते. वर सांगितलेल्या १२ किलोकॅलरी बाहेर टाकण्यासाठी त्याला जेमतेम वीस-एकवीस मिलिलिटर पाणी, म्हणजे चहाचे चार चमचे पाणी, वाफ करून उडवावे लागते. कलिंगडात ९२ टक्के पाणी असते. तेव्हा त्या फोडीचा खरा उपयोग तिच्या बर्फात नसून तिच्या पाण्यात आहे, आणि ते पाणी फोड न गोठवताही तितकेच मिळते.

मुंबईची अडचण अशी आहे की इथल्या हवेतच आधी पाणी भरलेले असते. विदर्भात पारा ४४ वर जातो तेव्हा सावलीत बसलेल्या कुत्र्याची धाप निदान कामी तरी येते, कारण हवा कोरडी असते. मुंबईत पारा ३४ वर असतानाही दमटपणामुळे जिभेवरचे पाणी सहजासहजी उडत नाही, आणि कुत्रा धाप टाकीत राहतो, दमतो, त्या दमण्याने आणखी तापतो. पगची गत याहून वाईट असते. तिचे नाक आखूड, नाकपुड्या चिंचोळ्या आणि घशातील मऊ टाळू लांब असल्याने ज्या वाटेने हवा खेळवून अंग गार करायचे ती वाटच अरुंद असते. शिह त्झू आणि फ्रेंच बुलडॉग यांनाही हेच लागू आहे. अशा कुत्र्याला दुपारी पंख्याखाली ठेवणे, मोठ्या तोंडाच्या भांड्यात दिवसातून तीन-चार वेळा ताजे पाणी भरणे, पाय आणि पोट ओले करून त्यावर पंख्याचा वारा लागू देणे आणि फिरवायला सकाळी सातच्या आत व रात्री नऊनंतर नेणे, यांच्या तुलनेत फ्रीझरमधील फोडींचे महत्त्व नगण्य आहे. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे आपल्या लॅब्रॅडॉरला पावणेदोन ते दोन लिटर. उन्हाळ्यात ते वाढते. वाटीभर फळातून त्यातले शंभरेक मिलिलिटर भागते, एवढेच.

इतके सांगूनही मी फळे बंद करा असे म्हणणार नाही. जेवणावरून मन उडालेल्या कुत्र्याला थोडे पाणी गोड रूपात मिळते, चाटण्या-चघळण्यात त्याची कंटाळवाणी दुपार जाते आणि मुलांनाही त्याची काळजी घेतल्याचे समाधान मिळते. जीवनसत्त्वांचा मुद्दा मात्र बाजूला ठेवावा. क जीवनसत्त्व कुत्र्याच्या यकृतात तयार होते, त्यासाठी त्याला आंबा लागत नाही. कुत्र्याला फळ आवडते ते गोडीमुळे. मांजरीला गोड चव कळतच नाही, म्हणून ती त्याच फोडीकडे ढुंकून पाहत नाही.

शेजारच्या आजींच्या भीतीबद्दल. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचे जठर फुगून त्याला पीळ पडतो, हा आजार खरा आहे आणि तो काही तासांत जीव घेतो; आजींनी कधी काळी असा कुत्रा पाहिला असेल तर त्यांची धास्ती मी समजू शकते. परंतु बर्फाने किंवा गार पाण्याने हा पीळ पडतो याला आधार नाही. दिवसातून एकदाच भरपूर खाऊ घालणे, अधाशीपणे भराभरा गिळणे, वाढते वय आणि त्याच रक्तातील दुसऱ्या कुत्र्याला हा आजार झालेला असणे, ही त्यामागची ओळखीची कारणे आहेत. उन्हातून धावून आलेल्या कुत्र्याने बादलीभर पाणी एका दमात ढोसू नये हे खरे, पण ते पाणी गार असल्यामुळे नव्हे, तर पाण्यासोबत हवाही गिळली जाते म्हणून. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले आहे आणि कुत्रा पुन्हा पुन्हा ओकारीचा प्रयत्न करूनही काही पडत नाही, असे दिसले तर कारणांची चर्चा न करता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. बर्फाने सर्दी होते हेही खरे नाही. कुत्र्यांचा उन्हाळी खोकला बहुतेक वेळा दुसऱ्या कुत्र्याकडून आलेला संसर्ग असतो.

बर्फाचा खरा धोका दातांना आहे, आणि त्याची भीती कोणालाच वाटत नाही. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एक-एक मोठी कात्रीसारखी दाढ असते आणि कडक वस्तू फोडायला तो तीच वापरतो. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फाचा खडा किंवा दगडासारखा झालेला आंब्याचा तुकडा त्याने पूर्ण जोर लावून चावला की त्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा खपलीसारखा उडतो, कधी आतली नस उघडी पडते. कुत्रा रडत नाही, जेवणही चालू ठेवतो, फक्त एका बाजूने चावू लागतो. काही महिन्यांनी डोळ्याखाली गळू आले की घरचे त्याला घेऊन येतात आणि तोवर दाढ काढण्याखेरीज फारसे काही उरत नाही. म्हणून फळ बाहेर काढल्यावर दहा मिनिटे ओट्यावर राहू द्यावे आणि अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावे. नख रुतले तर ते कुत्र्याला द्यायला हरकत नाही. नख घसरले तर ते अजून दगड आहे.

मी स्वतः फोडींपेक्षा वाटी पसंत करते. बिया काढलेले कलिंगड हाताने कुस्करून त्यात जवळपास तितकेच पाणी घालायचे, स्टीलच्या पसरट वाटीत दोन बोटे उंचीपर्यंत ओतायचे, त्यात कुत्र्याच्या रोजच्या कोरड्या खाद्यातले मूठभर दाणे टाकायचे आणि चार-पाच तास फ्रीझरमध्ये ठेवायचे. देण्यापूर्वी वाटीचे बूड नळाखाली धरले की चकती सुटते. ती खोलगट ताटलीत उपडी करून ठेवली की लॅब्रॅडॉर तिला पंजाने धरून पंधरा-वीस मिनिटे चाटत बसतो. फोड तो न चावता गिळतो, चकती त्याला गिळता येत नाही. पाण्यामुळे ती नुसत्या बर्फाइतकी टणक होऊ शकते, म्हणून नखाची कसोटी इथेही हवीच. पगसाठी मात्र मी चकती पूर्ण गोठवणार नाही. चमच्याने खरवडून येईल असा भुसभुशीत बर्फ, बर्फाच्या गोळ्यासारखा, तिच्या चपट्या तोंडाला सोपा जातो. गोळ्यासारखा म्हटले ते पोतापुरतेच. चौपाटीवरचा कालाखट्टा तिला देऊ नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते, कारण दर मे महिन्यात कोणी तरी तो देऊन जुलाब घेऊन येते.

किती द्यायचे याचा नियम असा आहे की जेवणाखेरीज दिलेला सगळा खाऊ मिळून दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, आणि त्यात चहाबरोबर दिलेले बिस्किट व आजोबांनी टेबलाखालून सरकवलेला पोळीचा तुकडाही धरायचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या आणि बेताचे फिरणाऱ्या ९ किलोच्या पगला दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी पुरतात. तिच्या वाट्याला आल्या ५०. एवढ्यात साधारण दीडशे ग्रॅम कलिंगड बसते, पण आंबा जेमतेम ८० ग्रॅम आणि केळे अर्धे. अडीचशे ग्रॅमच्या एका हापूसमधून दीडशे ग्रॅमच्या आसपास गर निघतो, म्हणजे सुमारे ९० किलोकॅलरी. माणसाच्या मानाने हे रोजच्या जेवणावर आणखी तीन-साडेतीन पोळ्या खाण्यासारखे आहे, आणि पगच्या अंगावर चढलेला प्रत्येक पाव किलो तिच्या श्वासाच्या वाटेवर येऊन बसतो. लॅब्रॅडॉरला हीच मर्यादा १३५ ते १४० किलोकॅलरींपर्यंत मिळते. तरीही पहिल्या आठवड्यात मी दोघांनाही या मापाच्या निम्मेच देईन, तेही एका वेळी एकच फळ, कारण फळातील साखर आणि तंतू यांची सवय नसलेल्या आतड्यांना अचानक वाटीभर फळ मिळाले की जुलाब होतात, आणि जुलाबात अंगातले पाणी जाते, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हातचे निसटते. शिवाय तीन फळे एकदम दिली तर कोणते बाधले हे कळतही नाही.

फळांमध्ये कलिंगडाला माझी पहिली पसंती आहे. बिया आणि कडक पांढरी-हिरवी साल काढून द्यावे. खरबूजही तितकेच चांगले. पपई, सफरचंद आणि नासपती बिया काढून चालतात. स्ट्रॉबेरीचा महाबळेश्वरी हंगाम एप्रिलमध्ये संपत आलेला असतो. जानेवारी-फेब्रुवारीत स्वस्त असताना धुऊन, देठ काढून, अर्ध्या करून गोठवून ठेवल्या तर मे महिन्यात उपयोगी पडतात. केळे गोठवल्यावर आइस्क्रीमसारखे मऊ राहते, दातांना सोपे असते, पण उष्मांक कलिंगडाच्या तिप्पट. चिकू गोड म्हणून कुत्री तुटून पडतात. त्याच्या बीला टोकाशी आकडा असतो आणि तो घशात रुतू शकतो, म्हणून प्रत्येक बी मोजून काढावी. काकडी फळ म्हणून कोणी धरत नाही, पण जाड्या कुत्र्यासाठी मला तीच सर्वांत आवडते, कारण १०० ग्रॅममध्ये जेमतेम १५ किलोकॅलरी असतात. फक्त ती कडू नाही ना हे आधी स्वतः चाखून पाहावे.

आंब्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत कुत्र्याच्या पोटाचा प्रश्न बहुतेक वेळा आंब्यापाशी येऊन थांबतो. हापूसचा गर कुत्र्याला विषारी नाही. तो उष्ण पडतो का, असे मला आठवड्यातून एकदा तरी विचारले जाते. मे महिन्यात अंग खाजवू लागलेली, कानांना घाण वास येणारी जी कुत्री मी पाहते, त्यांच्यात दमट हवेने वाढलेली बुरशी, पिसवा आणि गोचीड हीच कारणे सापडतात. आंबा तेव्हाच घरात आलेला असतो म्हणून आळ त्याच्यावर जातो. सालीचे मात्र वेगळे आहे. सालीत आणि देठाच्या चिकात त्वचेला झोंबणारी द्रव्ये असतात, साल पचतही नाही, तेव्हा ती देऊ नये. आणि कोय. आंबा चोखून झाल्यावर कोय कुत्र्याला चाटायला द्यायची, ही अनेक घरांतली लाडाची रीत आहे, आणि कोयीला उरलेल्या गरासकट ती गट्ट करायला लॅब्रॅडॉरला फार वेळ लागत नाही. अशा एका लॅब्रॅडॉरला घरचे जुलैच्या पहिल्या आठवड्यात घेऊन आले होते. दोन-तीन दिवसांआड उलटी, मधले दिवस ठीक, वजन घटत चाललेले. एक्स-रेमध्ये कोय हाडासारखी ठळक दिसत नाही, त्यामुळे तिथे काही हाती लागले नाही. सोनोग्राफीत जठरापुढच्या लहान आतड्यात वक्र कडेची काळी सावली दिसली. शस्त्रक्रियेत निघालेली कोय तंतू झडून गुळगुळीत झालेली होती आणि घरात शेवटचा आंबा मेअखेरीस आला होता. महिनाभर ती जठरात लोळत पडली असावी आणि मग पुढे सरकून अडकली. तेव्हा आंबा चिरताना कोयींची संख्या मोजून कचऱ्याच्या झाकणाच्या डब्यात टाकावी. जांभूळ, आलुबुखार, पीच आणि चेरी यांच्या बियांनाही हीच शिस्त लावावी.

लिंबू, मोसंबी आणि संत्री बहुतेक कुत्र्यांना आवडत नाहीत. आवडली तर साल व बिया काढून एखादी पाकळी. फणसाचे एक-दोन गरे चालतात, आठळ्या नाहीत. ॲव्होकॅडो मी टाळते, तेल फार आणि बी मोठी.

फळापेक्षा फळासोबत काय जाते याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. नाक्यावरच्या गाडीवरील चिरलेल्या फळांवर चाट मसाला आणि काळे मीठ असते, आणि ती उघड्यावर किती वेळ होती हे कोणालाच ठाऊक नसते. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते नुसते निद्रिस्त होतात. अख्खे फळ आणून, सालीसकट नीट धुऊन, घरी चिरून गोठवावे आणि वीज जाऊन वितळलेला डबा परत गोठवू नये. आंबे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास भारतात बंदी आहे, तरी पेटीतील आंबे अर्धा तास पाण्यात बुडवून, पुसून मगच चिरणे चांगले. आम्रखंड, श्रीखंड, कुल्फी आणि आइस्क्रीम यांना फळाच्या नावाखाली आत शिरू देऊ नये. साखर आणि स्निग्धांश तर असतोच, श्रीखंडात जायफळही असते, आणि प्रौढ कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही. घट्टपणा हवा असेल तर चमचाभर बिनसाखरेचे ताजे दही पुरे. सर्वांत मोठी सावधगिरी ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या वस्तूंबाबत बाळगावी. त्यांपैकी काहींत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला तो चालतो, कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन उसळते आणि अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर घसरून झटके येऊ शकतात. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढेही त्यासाठी पुरते. घरात मधुमेही आजोबा असतील तर त्यांचे आइस्क्रीम आणि पीनट बटर यांच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचून मगच कुत्र्याला चाटू द्यावे.

काही कुत्र्यांना फळ देण्याआधी उपचार करणाऱ्या पशुवैद्याला विचारलेच पाहिजे. मधुमेह असेल तर आंबा-केळी-चिकू बंद. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी आणि नारळपाणी यांतील पोटॅशियम त्रास देऊ शकते. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर खाण्यातला कोणताही नवा प्रयोग घरच्या घरी करू नये.

आणि एका प्रसंगी गोठवलेले फळ अजिबात देऊ नये, तो म्हणजे उष्माघात. धाप थांबतच नाही, लाळ चिकट तारेसारखी लोंबते, हिरड्या गडद लाल झाल्या आहेत, चाल अडखळते, तापमान १०५ अंश फॅरनहाइटच्या वर आहे, अशा कुत्र्याच्या तोंडात फोड कोंबली तर ती श्वासनलिकेत जाण्याचीच शक्यता अधिक. त्याला सावलीत घेऊन नळाचे पाणी अंगभर, विशेषतः पोट, जांघा आणि पंजे यांवर सतत ओतावे, पंखा लावावा आणि शुद्धीवर असेल तर स्वतःहून पिईल तेवढे पाणी पिऊ द्यावे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये. तो थोड्या वेळात गरम होऊन अंगातली वाफ आत कोंडतो. आधी गार करणे आणि मग गाडी काढणे हा क्रम सोडू नये, आणि तापमान १०३.५ पर्यंत उतरले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर ते नको इतके खाली जाते.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे उत्तर लिहायला घेतले ती. आपल्या पत्रात लॅब्रॅडॉर जेवण अर्धवट सोडतो असे एका वाक्यात आले आहे आणि त्याचे कारण उन्हाळा असे आपण गृहीत धरले आहे. तसे असेलही. उन्हाळ्यात कुत्री थोडे कमी खातात, दुपारचे सोडून रात्रीचे नीट खातात. परंतु मुंबईत याच महिन्यांत गोचिडांचा सुळसुळाट असतो आणि त्यांच्यामार्फत होणाऱ्या तापाची, आम्ही ज्याला सरसकट टिक फीवर म्हणतो त्याची, सुरुवातीची लक्षणे हुबेहूब अशीच असतात. कुत्रा मलूल होतो, गार फरशी शोधतो, धाप टाकतो, चिकन-भात हुंगून तोंड फिरवतो, पण गार आणि गोड काही दिले तर ते खातो. घरच्यांना वाटते, खातोय ना, मग ठीक आहे. मागच्या उन्हाळ्यात एक कुत्री चार दिवस केवळ गोठवलेल्या कलिंगडावर होती. माझ्यासमोर आली तेव्हा ताप १०४.४ होता, हिरड्या फिकट पडल्या होत्या आणि पोटाच्या त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटले होते, कारण रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, घसरल्या होत्या.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, त्याच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात अर्धा-एक इंच धरावा आणि हे मोजमाप पहाटे, फिरायला नेण्याआधी, रात्रभर पंख्याखाली झोपलेला असताना करावे, म्हणजे उन्हाचा गोंधळ त्यात मिसळत नाही. त्याच वेळी कानांच्या आतल्या बाजूला, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली गोचीड आहेत का ते चाचपून पाहावे. आकडा १०३ च्या वर आला, किंवा तापमान ठीक असूनही त्याने रात्रीचे जेवण सलग दोन दिवस सोडले, तर त्याच दिवशी रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्यावी, आणि तिच्यासोबत द्राक्षांच्या संदर्भात मूत्रपिंडाचीही. एकाच टोचणीत दोन्ही होतात.